त्याच नावाचा सर्व्हर

तिनं एंटर दाबलं आणि मग नाव वाचलं.

डिलीट करायचा होता तो चाचणीचा सर्व्हर. त्याच्या नावाच्या शेवटी दोनचा आकडा होता. तिनं दिलेल्या कमांडमध्ये शेवटी एकचा होता. क्लाउडकडून तत्परतेनं उत्तर आलं: विनंती मान्य, सर्व्हर काढला जात आहे. ती 'थांब, थांब' पुटपुटत थांबवायचं बटण शोधू लागली, पण तसं काही नव्हतंच.

हा एक नंबरचा सर्व्हर एकोणीस दवाखान्यांच्या चारशे संगणकांना दर अर्ध्या तासानं सांगायचा, कुठला प्रोग्राम ठेवायचा, कुठली सेटिंग बदलायची, कोणाला आत घ्यायचं. तो गेला म्हणून चालू संगणक लगेच बंद पडणार नव्हते. पण आज एक वाजता नवं डायलिसिस केंद्र सुरू होणार होतं. तिथले बारा संगणक अजून कोरे होते. त्यांना सगळं हाच शिकवणार होता.

सव्वादहा वाजले होते. आजूबाजूला कीबोर्ड वाजत होते, कोणाचं लक्ष नव्हतं. क्लाउडच्या खात्यात शिरायची एकच चावी, एकच पासवर्ड, पाच जण वापरत. कमांड कोणी दिली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तेरा वर्षं घर सांभाळून ती चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नोकरीला लागली होती. कायम व्हायला दहा दिवस उरले होते. सासूबाईंचं तर 'आमची सून कॉम्प्युटरमध्ये असते' असं शेजारीपाजारी सांगूनही झालं होतं.

ती उठली आणि काकांच्या टेबलापाशी गेली. काका म्हणजे विभागप्रमुख. तो सर्व्हर त्यांनी सहा वर्षांपूर्वी स्वतः उभा केला होता आणि त्याला ते कोणाला हात लावू देत नसत.

"काका, एक नंबर उडाला. माझ्या हातून. चुकून."

काकांनी चष्मा काढला. पुन्हा घातला. "बॅकअप आहे," ते म्हणाले. रोजच्या मीटिंगमध्ये ते हेच म्हणत. आज तेवढ्या ठामपणे नाही.

"मग त्यावरून परत उभा करते. मॅन्युअल पाठ झालंय माझं." नोकरीला लागल्यापासून जेवणाच्या सुट्टीत ती तेच वाचत असे.

काका तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिनं कालच्या बॅकअपचा क्रमांक कमांडमध्ये घातला आणि सर्व्हरला जुनंच नाव दिलं. नाव तेच असेल तर संगणक त्याला आपला म्हणून ओळखणार होते. उत्तर आलं: हे नाव अजून वापरात आहे.

जुना पुरता गेल्याशिवाय नवा येणार नव्हता. मघाशी त्याला थांबवायला जिचा जीव कासावीस झाला होता, तीच आता 'जा रे बाबा लवकर' म्हणत पडद्याकडे बघत बसली. अकराला पाच कमी असताना तो गेला. तिनं कमांड पुन्हा लिहिली. या वेळी एंटरआधी नाव मोठ्यानं, अक्षरन् अक्षर वाचलं.

मग नुसतं थांबणं. काका खुर्चीमागून हलले नाहीत.

साडेअकराला पडद्यावर आलं: सर्व्हर सुरू. पाच मिनिटांत सत्तर संगणकांनी हजेरी लावली. मग दोनशे. बारा वाजून गेल्यावर ते बारा कोरेही आले. पावणेएकला केंद्रातल्या परिचारिकेचा फोन आला. "अहो, सगळीकडे पेशंटची नावं दिसायला लागली. पहिल्या बाईंना आत घेतेय."

काकांनी तिला शेजारच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. ती उभीच राहिली.

"राजीनामा आजच लिहून देऊ का, काका?"

"बसा हो." आधी तेच बसले, दमल्यासारखे. "बॅकअप आहे, बॅकअप आहे, सहा वर्षं म्हणतोय मी. तो चालतो का, हे एकदाही करून बघायची छाती झाली नाही. म्हणून कोणाला हात लावू दिला नाही. आणि एकही दिवस रजा घेतली नाही."

तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

"सोमवारपासून पंधरा दिवस एक नंबर सांभाळाल?"

"मी? अहो, आज मीच तर..."

"तुम्हीच. गेलेला परत आणणारं माणूस इथे तुम्ही एकट्याच आहात. चूक केलीत तशी येऊन सांगितलीतही. आणि आधी त्या चावीचं बघा, पाच जणांच्या पाच वेगळ्या करा."

तिनं मान हलवली. काकांनी लगेच खिशातून फोन काढून मुलीचा नंबर लावला. पलीकडून उचलल्यावर त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"अगं, मी बोलतोय. सोमवारी तुमच्याकडे यायला निघतो. नातीला सांग, फोनमधले आजोबा खरेखुरे येताहेत."