लाल फडक्यातली पोथी

“रोज सकाळी अर्धा तास पोथीला बसायचं, पोरी. कुनी हाक मारली तरी मधी उठायचं न्हाई. वचन दे मला.” शेवटच्या आजारपणात सासूबाईंनी, सोजराबाईंनी, अपेक्षाचा हात धरून एवढंच मागितलं होतं.

वाकडच्या फ्लॅटमधली तिसरी खोली अपेक्षाच्या नवऱ्याने, कुलदीपने, कादंबरीसाठी अडवून ठेवली होती. सागवानी टेबल, कंबरेला आधार देणारी खुर्ची, दारावर ‘शांतता, लेखन चालू आहे’ अशी पाटी. देव त्याचं भलं करो, दोन वर्षांत कागदावर उतरलं होतं ते फक्त त्याचं नाव, तेही तीन तऱ्हेच्या सह्यांत. अपेक्षा एकदा भीत भीत म्हणाली, “मलाही काहीतरी लिहावंसं वाटतं हो.” तर साहेब हसले. “लिही की! ओट्यावर आहे ना जागा? वाणसामानाची यादी तिथंच तर लिहितेस!”

सुतक फिटल्यावर पहिल्याच सकाळी ती आंघोळ करून देवघरापुढे बसली आणि सासूबाईंच्या पोथीचं लाल फडकं तिने सोडलं. तेवढ्यात लेखकमहाशय आतून ओरडले, “अगं, चहा! चहाशिवाय सुचत नाहीये काही!”

 

फडक्यात पोथी नव्हतीच. सासूबाईंच्या गिचमिड अक्षरांतल्या गोष्टींनी काठोकाठ भरलेल्या सहा वह्या होत्या, आणि खाली एक कोरी. अपेक्षाने त्या कोऱ्या वहीला हळदकुंकू वाहिलं आणि हाकेला ओ न देता पहिली ओळ लिहायला घेतली.