जिंकलेली बाजू

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या शाळेत केया डिबेट जिंकली. ‘दुसरं महायुद्ध संपवण्यासाठी जपानवर ॲटम बॉम्ब टाकणं योग्य होतं का?’ असा विषय होता, आणि टीचरने तिला ‘योग्य होतं’ ही बाजू दिली होती. आई ऑफिसमधून येईपर्यंत केया शेजारच्या सुमिको आजींकडे असायची. प्रॅक्टिसही तिने त्यांच्यासमोरच केली. ‘बॉम्बमुळे लाखो जीव वाचले’ या वाक्यानंतर क्षणभर थांबायचं, हे आजींनीच तिला शिकवलं.

संध्याकाळी केयाची आई नीलांबरी शिऱ्याचा डबा घेऊन आजींचे आभार मानायला गेली. बोलता बोलता तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, “जपानमध्ये तुमचं गाव कुठलं?”

“नागासाकी,” आजी म्हणाल्या. “त्या दिवशी मी मामाकडे होते. आई आणि धाकटा भाऊ घरी होते.”

नीलांबरी म्हणाली, “तुम्ही केयाला सांगितलं का नाही? तिने बाजू बदलून मागितली असती.”

“माझ्या मुलाला सांगितलं होतं,” आजी म्हणाल्या. “त्याच्याही शाळेत हाच विषय होता. बाजू मात्र ज्याची त्याने निवडायची होती. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोन-तीन प्रश्नही विचारले. आणि मग हीच बाजू घेतली.”

त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

“तोही जिंकला.”