सोडलेला चरण

या, असे जवळ सरकून बसा. सायखेड्याच्या लहानूबाबांची गोष्ट सांगते.

बाबा चाळीस वर्षं कीर्तनात टाळकरी. बुवांनी चरण अर्धा सोडला की मागून उचलायचा, हे त्यांचं काम. मग झटका आला आणि वाचा गेली. सात महिने साळूबाई नवऱ्याच्या एका शब्दासाठी आसुसली होती.

दिवाळीच्या सुट्टीत नात आरोही नाशिकहून आली. ती कॉलेजात लॅटिन शिकते. 'बोलणे' या क्रियापदाची रूपं तिला काही पाठ होईनात.

"चाल लाव की गं," साळूबाई म्हणाली. "चालीवर लय लवकर पाठ होतं."

आरोहीनं भजनाची चाल लावली. "लोक्वोर, मी बोलते. लोक्वेरिस, तू बोलतोस. लोक्वितुर, तो बोलतो..." पुढचं दर वेळी वहीत बघून म्हणायची. बाबांचा डावा हात खाटेवर ठेका धरू लागला. पाचव्या खेपेलाही ती तिथंच अडली. "लोक्वितुर..."

"लोक्विमुर," खाटेवरून बाबा म्हणाले. अगदी सुरात.

"आजी! बाबा बोलले! बरोब्बर तेच, 'आम्ही बोलतो'!"

साळूबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. खाटेपाशी बसली आणि लग्नाच्या मांडवात बाबांनी तिच्या नावाचा घेतलेला उखाणा त्याच चालीत अर्धा म्हणून सोडून दिला.

"गावाला पाणी देती गोदामाई..."

बाबांनी चरण उचलला. "मला भाकर देती साळूबाई."

बुवांच्या पाया तर सगळेच पडतात हो. पुढच्या कीर्तनात मागं उभ्या टाळकऱ्यांकडंही बघा, आणि आमच्या लहानूबाबांची आठवण काढा.