पहिला पेला

पाणी शुद्ध करणाऱ्या त्या कारखान्यात दर सोमवारी पाणी गाळणाऱ्या पडद्याच्या नळ्या औषधाने धुवायच्या आणि मग तासभर साधं पाणी सोडायचं, कारण ते विषारी औषध पडद्यात मुरून बसतं. शेवटी धुणाऱ्यानेच त्यातला पहिला पेला सगळ्यांसमोर प्यायचा, अशी तिथली रीत.

तिचा नवरा त्याच पेल्याने गेला. त्या दिवशी मुकादमाने, म्हणजे तिच्या धाकट्या दिरानेच, तासाचा अर्धा तास केला होता. नंतर भावाची जागा त्यानेच तिला दिली आणि तो उपकार चारचौघांत सांगत राहिला.

ती पेला काठोकाठ भरून ठेवायची. जवळ कुणी गेलेलं नसताना, हात धुऊन वळेपर्यंत त्यातला एक घोट कमी झालेला असायचा आणि काठाला ओठांची ओल असायची, नवरा तिचा चहा आधी चाखून द्यायचा तशी. मगच उरलेलं पाणी ती प्यायची.

या सोमवारी गिऱ्हाईक दारात उभं होतं.

"भाऊजी, तास झाला का?"

"झाला. घड्याळ काय माहेरहून आणलंय, वहिनी?"

सगळे हसले. तिने पेला भरून ठेवला, सावकाश हात धुतले आणि वळली.

"घ्या ना, सगळे खोळंबलेत," दीर म्हणाला.

पेला काठोकाठ भरलेला होता, आणि काठ कोरडा होता.