बोटाएवढी रेघ

शेतातल्या मोटारींचे ऑटो-स्विच बनवणारा सुग्रीवचा मानवतचा कारखाना वाढला, तसा त्यानं कॉम्प्युटर आणला. सर्किट बोर्डाची आखणी आजवर त्याची थोरली बहीण केशरबाई करायची, फिल्मवर काळी बारीक पट्टी चिकटवून, एकेक रेघ आखत. आज औरंगाबादचा विक्रेता दोन सॉफ्टवेअर दाखवायला आला होता.

"हेच घ्या साहेब. रेघा आपोआप ओढतं, माणूस लागतच नाही."

केशरबाईनं हातातलं पट्टीचं रीळ टेबलावर आपटलं. "मला काढून टाकायचं आसंल तर तोंडानं सांग, सुग्रीव. ह्या डबड्याचं निमित्त कशाला?"

सुग्रीव तिच्याकडं बघेचना. "दुसरं दाखवा."

"त्यात सगळं हातानंच आखावं लागतं. फक्त रेघ पाहिजे तेवढी मोठी करून बघता येते."

"मंग हेच द्या."

सुग्रीवनं बहिणीला खुर्चीत बसवलं आणि कळ दाबली. पडद्यावरची रेघ बोटाएवढी जाड झाली.

"वर्ष झालं, पट्टी चाचपून चाचपून चिकटवायलीस," तो हळूच म्हणाला. "आता दिसायलीय का, आक्का?"