पोरांच्या जागी

मेलेल्या पोरीची गोष्ट गोदूच्या वाट्याला आली.

एस्तेरबाईंनी बायबलातल्या गोष्टी बसल्या ओळीनं वाटल्या होत्या. कुणाला वादळातली होडी आली, कुणाला पाच भाकरी. बाई मुंबईहून सकाळच्या आगबोटीनं आलेल्या. इथं कुणाच्या घरी काय झालंय ते त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. ओळीतल्या बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. गोदूची नलू श्रावणात तापानं गेली होती. एकुलती एक.

वेणूबाई उठली. ती पाळकांची बायको. रविवारी पोरांना जमवून गोष्टी सांगणाऱ्या बायकांसाठी हा एका दिवसाचा वर्ग तिनंच खटपट करून रेवदंड्याला भरवला होता. पुण्याला जाऊन शिकायचं तर गाडीभाडं कुणाला झेपत नव्हतं, आणि औंदा मिशननं हात आखडता घेतलेला. म्हणून शिकवणाऱ्या बाईंनाच तिनं इकडं बोलावलं. तांदूळ आणि सुकट जिची तिनं आणायची, प्रार्थनामंदिराच्या मागं चूल मांडायची, असं ठरवलं. सगळं जमलं होतं. एवढंच तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिनं बाईंच्या कानाशी जाऊन सांगितलं, गोदूची गोष्ट मी घेते, माझी तिला द्या. बाई तशा वाईट नव्हत्या, पण बोटीची वेळ त्यांच्या डोक्यात होती. अशी अदलाबदल करत बसलो तर निम्म्या जणी राहतील, म्हणाल्या, आणि जिला इथं धडा देता येत नाही तिच्याकडं पोरं सोपवता येणार नाहीत. वेणूबाई कारण सांगणार, तेवढ्यात गोदूच पदर खोचून उभी राहिली.

"ऱ्हाऊ द्या, वैनी," ती म्हणाली. "मला माजी पोरं पायजेत."

वेणूबाई खाली बसली. रविवारच्या त्या पोरांखेरीज गोदूपाशी आता पोरं नव्हती.

बाईंचा नियम असा, की एकीनं शिकवायचं आणि बाकीच्यांनी पोरं व्हायचं. पोरं विचारतात तसं विचारायचं, छळायचंसुद्धा. भाकरीच्या गोष्टीला साठीच्या सोनाबाईनं बोळक्या तोंडानं भोकाड पसरलं होतं, की हिनं दोन घेतल्या नि मला एक बी न्हाय. हसता हसता सगळ्यांची पुरेवाट झाली होती. आता सोनाबाई मांडी घालून नीट बसली होती. कुणी कुणाला चिमटा काढत नव्हतं.

गोदूनं सुरुवात केली ती बरी केली. बाप प्रभूकडं धावत आला, म्हणाला, माझी पोर जाते हो, चला. वाटेत ही गर्दी. पाऊल पुढं पडेना. बापाचा जीव कसा खालीवर होत होता ते गोदू सांगत होती, आणि एस्तेरबाई मान हलवत होत्या. मग घरून माणूस आला. आता कशाला त्यांना त्रास देता, म्हणाला.

गोदू थांबली. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं.

"मंग प्रभूनं तिचा हात धरला," ती एका दमात म्हणाली. "उठली ती. सरली गोष्ट."

"छान," बाई म्हणाल्या. "मुलांनो, विचारा."

कुणी काही विचारलं नाही. सोनाबाई आपल्या बोटांकडं बघत राहिली. बाहेर चुलीवरचा भात उतू जाऊन फसफसला, तरी कुणी उठलं नाही.

मुलं अशी गप्प बसत नाहीत, बाई म्हणाल्या. प्रश्नाशिवाय धडा पुरा झाला असं त्या धरणार नव्हत्या.

प्रश्न वेणूबाईला पाठ होता. तिची शकू गोदूच्याच वर्गातली, नलूच्या जोडीची. श्रावणापासून ती रोज अंथरुणावर तो एकच प्रश्न विचारत होती, आणि वेणूबाई रोज तिला थोपटून नीज म्हणत होती. रविवारी शकू तो गोदूला विचारणार. सगळ्या पोरांदेखत विचारणार, आणि गोदू तिथं एकटी उभी असणार. इथं निदान सगळ्या आया होत्या.

शेवटी तिनं हात वर केला. पोरीचा आवाज काढायला गेली, पण स्वतःचाच निघाला.

"मावशी, मग आमची नलू का न्हाय उठली?"

"अगं ए," सोनाबाई डोळे वटारून म्हणाली. एस्तेरबाईंनी एकीकडं पाहिलं, दुसरीकडं पाहिलं, आणि हातातलं घड्याळ हळूच मांडीवर पालथं ठेवलं.

गोदू वेणूबाईकडं बघत होती. डोळ्यांत राग होता, आणि तो लपवायचं तिनं काही केलं नाही.

"वैनी," ती म्हणाली. मग म्हणाली, "शकू."

वेणूबाईनं मान डोलावली.

"मला ठावं न्हाय, शकू. मी बी हात धरला व्हता."

ती पुढं आली आणि वेणूबाईच्या समोर जमिनीवर बसली. गुडघ्याला गुडघा लागला.

"पन गोष्ट सरली न्हाय अजून. मी मगाशी अर्धीच सोडली. ती उठली ना, तवा प्रभूनं घरच्यांना सांगितलं, पोर उपाशी हाय, तिला कायतरी खायला द्या."

गोदूनं डावा तळहात पुढं धरला. त्यावर उजव्या हाताची बोटं फिरवून भात कालवला, त्याचा लहानसा घास केला, आणि वेणूबाईच्या तोंडाशी नेला. हातात काही नव्हतं.

वेणूबाईनं तोंड उघडलं.