अकराव्या प्रकरणातली दुपार

अकराव्या प्रकरणाच्या तिसऱ्या परिच्छेदापाशी ताईची पेन्सिल थांबली.

प्रकाशनगृहात तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे संपादकसुद्धा. वीस वर्षं ती मुद्रितं तपासत आली होती. एखादी वेलांटी चुकलेली दिसली, तरी तिला घास गोड लागत नसे. पण या पानावर एकही चूक नव्हती. तिला घाम फुटला तो त्यामुळेच.

लहानपणीच्या लाडक्या पुस्तकांवर बेतलेल्या नव्या कादंबऱ्यांची एक मालिका त्यांनी यंदा काढली होती. ही त्यातली तिसरी. मूळ पुस्तक बहिणींच्या गोष्टीचं, सगळ्यांनी शाळेत असताना पारायणं केलेलं. नव्या कादंबरीतल्या बहिणी चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होत्या.

तिने पुन्हा वाचलं. बापाने धाकटीला खोलीत कोंडून बाहेरून कुलूप घातलं होतं, फिरत्या नाटक कंपनीचं खूळ डोक्यातून जावं म्हणून. दुपारी तो कामावर होता. आई शिवणयंत्रावर डोकं टेकून झोपली होती. मोठीने तिच्या कोपराखालची किल्ली हळूच ओढून घेतली, कुलूप काढलं आणि किल्ली होती तशी परत ठेवली. धाकटी चपला हातात घेऊन मागच्या लोखंडी जिन्याने उतरली, ती कायमची.

ही दुपार जगात दोघींनाच ठाऊक होती. एक ताई. दुसरी तिची धाकटी बहीण, जिचा एकवीस वर्षांत ठावठिकाणा नव्हता.

त्या संध्याकाळी वडिलांनी आईला धारेवर धरलं. किल्ली तिच्याकडेच होती, म्हणजे कुलूप तिनेच काढलं. आई खाली मान घालून ऐकत राहिली. ताई दाराआड उभी होती. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. वडील त्यानंतर नऊ वर्षं जगले, पण आईशी एक अक्षर बोलले नाहीत. भाजीत मीठ कमी पडलं, तरी ताईकडे बघून सांगायचे, ‘तिला सांग.’

ती संपादकांच्या खोलीत गेली.

“या लेखिका कोण आहेत?”

“टोपणनावाने लिहितात. का? काही चोरीबिरी आहे का?”

“नाही. सहज विचारलं. वय काय असेल?”

“फोनवर बोललोय फक्त. बायकांना वय विचारायची छाती नाही माझी.” ते हसले. ताईला हसू आलं नाही.

घरी आईने ताट वाढलं आणि समोर बसली. सत्तरी ओलांडली होती, तरी ताईला स्वतःच्या हाताने वाढून घेऊ द्यायची नाही.

“नवीन काय आलंय वाचायला?”

“बागकामाचं एक पुस्तक.”

“चांगलं आहे?”

“ठीक आहे गं. तू वाचण्यासारखं नाही.”

“बरं,” म्हणत आईने आमटी पुढे सरकवली.

ताईने आमटीची वाटी तशीच बाजूला ठेवली. आई वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणायची. ही कादंबरी तिच्या हाती पडायला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या दिवशी तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. किल्लीचा पूर्ण परिच्छेद लाल रेघ मारून काढून टाकला. समासात लिहिलं, ‘लेखिकेच्या सूचनेनुसार.’

आठ दिवसांनी संपादकांनी तिला आत बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

“लेखिकेकडे दुसरं मुद्रित पाठवलं होतं. अकराव्या प्रकरणातला परिच्छेद कुणी उडवला, असं विचारतायत. त्यांनी कसलीच सूचना दिली नव्हती म्हणे.”

ताई खुर्ची ओढून बसली.

“वीस वर्षांत तुमच्या हातून अनुस्वार निसटला नाही, ताई. आणि हे?”

“मीच काढला. कारण मला सांगता येणार नाही.”

संपादकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “त्या चिडल्या नाहीत, हेच मला चमत्कारिक वाटलं. म्हणाल्या, परिच्छेद परत घाला, तो खरा आहे. आणि ज्यांनी काढला त्यांना मला भेटायचंय. उद्या अकराला येतायत. नंतर तुमच्या नोकरीचं काय ते बघू.”

नोकरीचं ताईच्या कानांत शिरलंच नाही. उद्या अकरा वाजता. एकवीस वर्षांनी.

सकाळी तिने साडीच्या निऱ्या दोनदा सोडून पुन्हा घातल्या. बहिणीला काय सांगायचं, ते तिने मनात दहादा घोळवलं. छाप, पण तेवढं नको. आई अजून आहे. माझं पाप तिला या वयात कळायला नको. आणि मग, घरी चल.

“आज यायला उशीर होईल,” ती दारातून म्हणाली.

“होऊ दे,” आई म्हणाली. “मलाही बाहेर काम आहे.”

अकराला पाच मिनिटं असताना ताई संपादकांसमोर येऊन बसली. पाठ दाराकडे होती. वळून बसायचा धीर तिला होईना. बाहेर पावलं वाजली. शिपायाने दार उघडून धरलं. संपादक लगबगीने उठले.

“या, या! पहिल्यांदाच समोरासमोर भेटतोय आपण. ह्या आमच्या ताई, मुद्रितशोधक. ताई, या आपल्या लेखिका. तुमची एकमेकींशी ओळख—”

“आमची ओळख आहे,” दारातून आई म्हणाली.